वेल वाढला, पण फूल का नाही? : दिवस पाहून फुलणारी आणि वय पाहून फुलणारी झाडं



परसातल्या भाजीपाल्याचं बोलणं निघालं की एक तक्रार हमखास ऐकू येते. शिमगा झाल्यावर पावट्याचं बी टोकलं, शेणखत घातलं, पाण्याला कमी केलं नाही. वेल मांडवावर चढला, पानांनी मांडव झाकून गेला. पण फूल म्हणाल तर एक नाही. मग कुणी म्हणतं बी खोटं निघालं. कुणी म्हणतं जमिनीत दोष आहे. कुणी दुकानातून फूल येण्याचं औषध आणून फवारतं, तर कुणी वैतागून वेल उपटून टाकतं.

बहुतेक वेळा बी खोटं नसतं आणि जमीनही वाईट नसते. तो वेल वाट पाहत असतो, दिवस लहान होण्याची. ही गोष्ट समजली तर बियाण्याचा पैसा वाचतो, मांडव अडून राहत नाही आणि घरात ऐन टंचाईच्या महिन्यांतही शेंगभाजी मिळू शकते. म्हणून या पत्रकात हा विषय जरा सविस्तर घेतला आहे.

झाडाचं पंचांग

आपल्याकडे २१ जूनच्या सुमारास दिवस सगळ्यांत मोठा असतो. पुण्याच्या आसपास तो सुमारे सव्वातेरा तासांचा भरतो. तिथून दक्षिणायन लागतं, दिवस आखडत जातो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तो अकरा तासांवर येतो. म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आपल्याला तो फारसा जाणवत नाही, पण झाडाला जाणवतो.

झाड हे काम पानांनी करतं. शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिलं तेव्हा असं दिसलं की झाड दिवस मोजतं असं आपण म्हणत असलो, तरी खरं तर ते रात्र मोजतं. सलग अंधार किती तास मिळाला, याची नोंद पानात होते. अंधार पुरेसा लांबला की पानातून शेंड्याकडे संदेश जातो आणि जिथं पान फुटायचं तिथं कळी धरते. तोवर झाडाला कितीही खतपाणी द्या, ते पानं आणि फांद्याच वाढवणार.

अशी रात्र लांबल्यावर फुलणारी झाडं आपल्याकडे पुष्कळ आहेत. गावरान वाल, पावटा, घेवडा (नाव गावागावाला वेगळं), उशिरा येणारी जुनी तूर, अंबाडी, शेवंती ही सगळी त्यातलीच. त्यांना आपण या पत्रकात 'दिवस पाहून फुलणारी' म्हणू.

दुसऱ्या प्रकारची झाडं दिवसाकडे फारसं बघत नाहीत. उगवून ठराविक दिवस झाले, अंगावर ठराविक पानं आली, की ती फुलावर येतात. मग महिना कोणताही असो. टोमॅटो, वांगी, काकडी, श्रावण घेवड्याच्या झुडपी जाती या अशा. त्यांना 'वय पाहून फुलणारी' म्हणू. वालाच्या पिशवीवर किंवा माहितीपत्रकावर 'प्रकाश असंवेदनशील' असा जड शब्द छापलेला असतो, त्याचा अर्थ हाच.

हे कळलं कसं?

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर गार्नर आणि अलार्ड नावाचे दोन शास्त्रज्ञ तंबाखूवर काम करत होते. 'मेरीलँड मॅमथ' नावाची एक तंबाखू उन्हाळाभर नुसती उंच वाढायची, पानंच पानं द्यायची, पण शेतात फुलायची नाही. त्यामुळे बी धरता येत नव्हतं. तीच तंबाखू हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुलायची. त्यांनी खत बदललं, ओल बदलली, उष्णता बदलली. काही फरक पडेना. शेवटी त्यांनी भर उन्हाळ्यात काही रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, म्हणजे दिवस खोटाच लहान केला, आणि झाडं फुलली. हा निष्कर्ष त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून पिकांच्या जाती काढणाऱ्यांना एक किल्ली हाती आली.

या किल्लीने पुढे मोठी कामं झाली. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत गव्हाची पैदास करताना एकाच वर्षात दोन हंगाम घेतले. एक उत्तरेकडच्या सखल भागात हिवाळ्यात आणि दुसरा मेक्सिको शहराजवळच्या उंच भागात उन्हाळ्यात. दोन्ही ठिकाणी जी झाडं टिकली ती दिवसाच्या लांबीला न जुमानणारी निघाली. म्हणूनच तिथला गहू १९६५-६६ च्या सुमारास आपल्या देशात आला तेव्हा इथंही वेळेवर ओंबीला आला. भाताचंही तसंच. जुने उंच, उशिराचे भात दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नसत. १९६६ सालचा आयआर-८ आणि १९६८ सालचा जया हे वयावर निसवणारे. कोकणात पाणी असेल तिथं आज उन्हाळी भात घेता येतो, त्यामागे हेच कारण आहे. खरीप ज्वारीत १९६४ साली आलेली सीएसएच-१ ही संकरित जात लवकर तयार होऊ लागली, त्यातही या गुणाचा वाटा होता.

घरच्या घरी पारख

आपल्याकडचं बी कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच बियाण्याचे दोन भाग करा. पहिल्या भागातले आठ-दहा दाणे १५ जूनच्या सुमारास टोका. दुसऱ्या भागातले तेवढेच दाणे दोन महिन्यांनी, १५ ऑगस्टच्या सुमारास शेजारीच टोका. पहिलं फूल कधी दिसलं ती तारीख दोन्हीकडे भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवा.

दोन्ही ओळी जवळपास एकाच वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे फुलल्या तर ते बी दिवस पाहून फुलणारं. पहिल्या ओळीला दोन महिने जादा मिळाले, तरी तिनं ते वाढण्यातच घालवले. दुसरी ओळ पहिलीच्या मागून साधारण दोन महिन्यांनी फुलली, म्हणजे दोन्हींना उगवणीपासून सारखेच दिवस लागले, तर ते बी वय पाहून फुलणारं.

एवढी वाट पाहायची नसेल आणि पाण्याची सोय असेल, तर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पाच-सहा दाणे टोकून बघा. जूनअखेर दिवस सगळ्यांत मोठा असतो. तेव्हा जे झाड कळीवर येईल ते वय पाहून फुलणारं समजायला हरकत नाही. उन्हाच्या तडाख्याने काही फुलं गळतील, पण आपल्याला कळी धरली की नाही एवढंच बघायचं आहे.

घरच्या बागेला याचा फायदा काय?

बाजारासाठी एकरभर पीक घेणाऱ्याला शेंगा एकदम आलेल्या चालतात. घरच्या बागेचं तसं नाही. घराला रोज थोडं, पण वर्षभर लागतं. इथं वय पाहून फुलणारं झाड चार प्रकारे उपयोगी पडतं.

एक, लावायला महिन्याचं बंधन कमी. पाणी असेल आणि कडक ऊन किंवा धो धो पाऊस ऐन फुलात सापडणार नाही एवढं पाहिलं, की पेरता येतं.

दोन, हिशेब नेमका लागतो. अमुक तारखेला टोकलं तर अमुक महिन्यात भाजी, हे सांगता येतं.

तीन, झाड बुटकं राहतं. मांडव नको, काठ्या नकोत. परडं लहान असो, विहिरीजवळचा तुकडा असो, की शहरात गेलेल्या मुलाच्या गच्चीवरची कुंडी असो, तिथं ते बसतं.

चार, जागा लवकर मोकळी होते. अडीच-तीन महिन्यांत ते झाड निघालं की त्याच वाफ्यात मेथी-कोथिंबीर टाकता येते.

वालाच्या अशा झुडपी जाती आपल्या देशातच तयार झालेल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या दोन जाती, तसंच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण भूषण ही बुटकी, लवकर येणारी जात. तुरीतही इक्रिसॅटची आयसीपीएल-८७ ही लवकर येणारी जात १९८६ साली प्रसारित झाली, ती याच वाटेवरची.

पण म्हणून गावरान पावटा मोडीत काढू नका. आषाढात टोकलेला गावरान वेल मार्गशीर्षापासून पुढे दोन-तीन महिने मांडवावर शेंगा देत राहतो. एका वेलाचं जे उत्पन्न निघतं ते एका बुटक्या झुडपाचं निघणार नाही. त्याची चवही घरच्यांच्या जिभेवर बसलेली असते. आणि जिथं फूल नकोच, पान किंवा धागा हवा, तिथं दिवस पाहून फुलणारं झाडच सोयीचं. अंबाडी पाहा. मृगात टाकली की दिवस मोठे असेपर्यंत ती फुलत नाही, म्हणून भाजीला पाला आणि दोराला उंच काडी मिळते. तेव्हा घरच्या बागेत दोन्ही ठेवा: मांडवावर गावरान आणि वाफ्यात बुटका.

त्याची एक खोड सांभाळा

वय पाहून फुलणाऱ्या झाडाचा मोठा गुण तोच त्याचा दोष आहे. ते थांबत नाही. गावरान वेलाला जूनमध्ये ताण बसला, गुरांनी शेंडा खाल्ला, तरी त्याला भरून काढायला तीन-चार महिने हातात असतात. बुटक्या झाडाला तो वेळ नाही. पहिल्या महिन्यात ते खुरटलं, तर खुरटलेलंच फुलावर येतं आणि चार शेंगा देऊन संपतं. मागून कितीही युरिया टाकला तरी गेलेले दिवस परत येत नाहीत. म्हणून त्याची सगळी सेवा पहिल्या तीस दिवसांत करायची.

१) टोकण्याआधीच वाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून घ्या. 'नंतर घालू' असं म्हणू नका.

२) बी जागेवरच टोका. रोप करून लावलं तर मुळं दुखावतात आणि आठ-दहा दिवस वाया जातात. दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा. एका जागी दोन दाणे टोकून, उगवल्यावर एक जोमदार रोप ठेवा.

३) बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळून सावलीत सुकवून टोका.

४) पहिला महिना वाफसा मोडू देऊ नका आणि पाणी साचूही देऊ नका. पंधराव्या-विसाव्या दिवशी खुरपणी करून मातीची भर द्या.

५) शेंडा खुडू नका. मांडवावरच्या वेलाचा शेंडा खुडला तर फांद्या फुटतात, ते त्याला मानवतं. बुटक्याला नाही.

६) ढगाळ हवेत मावा शेंड्यावर बसतो. दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळच्या वेळी फवारा.

७) सगळं बी एकदम टोकू नका. तीन-तीन आठवड्यांनी एकेक ओळ टोका. पंधरा फुटांच्या ओळीत पंधरा-सोळा झाडं बसतात. पहिली ओळ उताराला लागते तोवर दुसरी भरात येते.

शेतावरच्या पिकालाही यातून एक धडा आहे. दिवस पाहून फुलणारी तूर पाऊस लांबल्यामुळे उशिरा पेरावी लागली, तर तिला वाढायला दिवस कमी मिळतात आणि ती बुटकी राहते. अशा वेळी नेहमीचं रुंद अंतर ठेवलं तर रान मोकळं पडतं. उशीर झाला की ओळी जवळ घ्याव्यात आणि बियाणं थोडं वाढवावं.

अंगणातला दिवा

झाड रात्र मोजतं, म्हणून रात्रीचा उजेड त्याला फसवतो. विजेच्या खांबाखाली किंवा अंगणातल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळ गावरान पावटा किंवा शेवंती लावली, तर तेवढी झाडं फुलायला मागं राहतात. रस्त्याकडच्या दिव्याजवळच्या सोयाबीनच्या ओळी बाकीचं रान पिवळं पडलं तरी हिरव्या दिसतात, त्याचंही हेच कारण. शेवंतीचे व्यापारी बागायतदार रात्री दिवे लावून फुलं मुद्दाम मागं ढकलतात, ती विद्या यातलीच. दिव्याजवळ जागा असेल तर तिथं टोमॅटो, वांगी किंवा बुटका वाल लावा आणि गावरान वेल घराच्या अंधाऱ्या बाजूला घ्या.

गांजाच्या बियाण्याविषयी स्पष्ट बोलू

मोबाइलवर 'ऑटोफ्लॉवर' नावाच्या गांजाच्या बियाण्याच्या जाहिराती पाहून काही तरुण मंडळी त्याविषयी विचारतात. विषय टाळण्यापेक्षा सांगितलेला बरा.

गांजाचं झाड मुळात दिवस पाहून फुलणारं आहे. आपल्याकडे दिवस आखडू लागले की त्याला तुरे येतात. पण आग्नेय रशियाच्या बाजूला एक बुटकं रानटी भांगेचं झाड आढळतं. त्याची नोंद यानिशेव्हस्की या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२४ साली केली. तिकडे उन्हाळ्यात दिवस फार मोठा आणि उन्हाळा मात्र आखूड. दिवस लहान होण्याची वाट पाहत बसलं तर थंडीच्या कडाक्यात सापडायचं, म्हणून ते झाड वयावरच फुलायला शिकलं. त्याचा संकर करून 'ऑटोफ्लॉवर' जाती काढल्या गेल्या. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरामागे चार झाडं, आणि जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं ठेवायला कायद्याने परवानगी आहे. तिथल्या घरगुती लावणाऱ्यांना या जाती सोयीच्या वाटतात, कारण झाड लहान राहतं, दहा-बारा आठवड्यांत होतं आणि त्याला अंधारात झाकून ठेवावं लागत नाही. बुटक्या वालाचे जे गुण वर सांगितले, तेच हे गुण. खोडही तीच: सुरुवातीला खुरटलं की संपलं.

पण तिकडचा कायदा इकडे लागू नाही. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, ज्याला एनडीपीएस कायदा म्हणतात, परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. 'दोनच कुंड्या आहेत', 'घरच्या औषधापुरतं आहे' असं म्हणून सुटका होत नाही. लागवडीच्या या कलमात इतक्या झाडांपर्यंत माफ, अशी सूट नाही. झाड दिवस पाहून फुलणारं आहे की वय पाहून, हेही कायदा विचारत नाही.

आणखी एक गोष्ट सर्व जमीनधारकांनी ध्यानात ठेवावी. आपल्या रानात दुसऱ्या कुणी, वाटेकऱ्याने किंवा मजुराने, उसाच्या किंवा तुरीच्या आड अशी झाडं लावल्याचं कळलं, तर ताबडतोब पोलिसांना कळवणं हे जमीनधारकावर कायद्याने बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा ठरतो. शेत ठोक्याने दिलं असलं तरी महिन्यातून एकदा आतून फेरी मारा.

उत्तराखंडात २०१८ साली औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना सुरू झाला, तो नशेचा अंश अगदी नगण्य असलेल्या जातींना आणि धागा-बियांसाठी. ते ऐकून कुणी इथं बी विकायला आला, तर घेऊ नका. दोराला धागा हवा असेल तर आपली अंबाडी आणि ताग आहेतच. अंबाडीचं पान कातरलेलं असल्यामुळे लांबून गांजासारखं भासतं, पण तिच्या खोडावर बारीक काटे असतात आणि फूल मोठं, पिवळं, मध्ये गडद लाल असतं. तेव्हा अंबाडी लावायला कुणी भिऊ नये.

बी घेताना एवढं विचारा

दुकानदाराला पुढचे तीन प्रश्न विचारल्याशिवाय शेंगभाजीचं बी घेऊ नका. हे बी वेलीचं की झुडपी? कोणत्या महिन्यात टोकायचं? टोकल्यापासून पहिल्या तोड्याला किती दिवस? 'बाराही महिने चालतं' असं नुसतं तोंडी सांगितलं तर पिशवीवरचं जातीचं नाव वाचा, पावती घ्या आणि पिशवी जपून ठेवा. शेजाऱ्याकडून बी घेतलं तर त्यानं ते कोणत्या महिन्यात लावलं होतं आणि कधी फुललं, हे विचारून घ्या. हंगाम संपल्यावर बुटक्या जातीचं बी धरताना वेळेवर फुललेली, निरोगी झाडं आधीच दोरा बांधून राखून ठेवा. उशिरा फुललेल्या किंवा वेलासारख्या पळणाऱ्या झाडाचं बी त्यात मिसळू नका.

आणि परसात एखादा वेल नुसता वाढत असेल, तर उपटण्याआधी महिना कोणता चालला आहे ते बघा. चैत्र-वैशाखात गावरान पावटा फुलला नाही तर तो त्याच्या धर्माने वागतो आहे. पाणी बेताचं ठेवा, युरिया टाकू नका आणि औषधावर पैसे घालू नका. मांडवाखाली बुटक्याची एक ओळ टोका. दिवाळीच्या सुमारास दिवस आखडले की वरचा वेलही कळी धरेल.

आपल्या भागाला कोणती जात चांगली याची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी. वर सांगितलेली दोन पेरण्यांची पारख यंदाच्या खरिपात करून पाहा आणि दोन्ही ओळींच्या फुलांच्या तारखा आमच्या कार्यक्रमाला पोस्टकार्डाने जरूर कळवा. रामराम.